एक तार डावीकडे

सायकली पडल्या तेव्हा मी कसलाही विचार करत नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्या डोक्यात अकरा वर्षं दुसरं असतं तरी काय. नव्हतं काही. काचेच्या दारापाशी टोपी घालून उभं राहायचं, आत येणाऱ्याच्या गळ्यातलं कार्ड बघायचं आणि मान हलवायची, एवढ्या कामात माणसाला विचार न करण्याची फार चांगली सवय लागते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. सामानाची एक गाडी मागे घेताना ड्रायव्हरचा अंदाज चुकला आणि इमारतीसमोर ओळीनं लावलेल्या भाड्याच्या पिवळ्या सायकलींपैकी कडेच्या सायकलीला धक्का लागला. मग ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर, अशा बाराच्या बारा आडव्या झाल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जणू मीच त्या पाडल्यात अशा चेहऱ्यानं निघून गेला. सायकली उचलणं माझ्या कामात बसत नाही. खरं तर मी सायकलींकडे बघतच नाही. रस्त्यात सायकल समोर आली की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. दोन वर्षं या दारावर उभा आहे, पण या सायकलींचा रंग पिवळा आहे यापलीकडे मला त्यांची काही माहिती नव्हती. पण सगळ्यांत वर पडलेल्या सायकलीचं पुढचं चाक हवेत फिरत राहिलं होतं, आणि फिरतं चाक बघून गप्प बसणं माझ्या हाताला कधी जमलेलं नाही. डावा हात आपण होऊन पुढे गेला. अंगठ्याचं नख रिमच्या कडेला हलकेच टेकवलं आणि चाक फिरू दिलं. नख कुठे अडलं नाही, कुठे सुटलंही नाही. मग सायकलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं दिवसातून साठ-सत्तर वेळा केलं तेच केलं. चाक थांबवलं, एक डोळा मिटला आणि हवा भरायच्या व्हाल्व्हच्या रेषेत खाली, मधल्या हबवर, नजर लावली. तिथे कंपनीचं नाव पूर्ण दिसायला हवं होतं. दिसले ते फक्त अक्षरांचे पाय.

मी ती सायकल उभी केली आणि दुसरीच्या चाकात डोळा घातला. पाय. तिसरीच्या चाकातही पाय. गळ्यात कार्डं घातलेली मंडळी माझ्या मागून आत जात होती, त्यांची कार्डं कोणी बघत नव्हतं. मी रस्त्यावर गुडघे टेकून एकेका चाकाला डोळा लावत बाराव्या सायकलीपर्यंत गेलो. तिच्याही हबवर वरची बाजू कापल्यासारखं नाव, नुसते पाय, सगळे एकाच ठिकाणी कापलेले. मग मी तिथेच कट्ट्यावर बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली. छातीत काहीतरी झालं. पण ते दुखणं नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण तो आनंद होता. शाळेच्या निकालाच्या कागदावर आपला नंबर दिसावा तसा निव्वळ, बिनडोक आनंद. तो संपायला मिनिटभर लागलं असेल, आणि मग मला पोरीची शपथ आठवली.

या पायांचं काय ते सांगायला हवं. सायकलचं चाक म्हणजे मधे हब, बाहेर रिम आणि दोघांना धरून ठेवणाऱ्या छत्तीस तारा. आमच्या सेक्शनमध्ये तारा भरायच्या, चाक स्टँडवर चढवायचं आणि फिरताना ते जो डावा-उजवा झोका खातं तो काढायचा. त्या झोक्याला आऊट म्हणतात. तारांच्या टोकाचे बारीक नट चावीनं एक कसायचा, समोरचा सैल करायचा, आणि चाक पाण्यासारखं सरळ फिरायला लागेपर्यंत त्याच्याशी बोलत बसायचं. मी खरोखर बोलायचो. "चल की, कुठे नडतंय तुला?" असं. आऊट निघाला की चाक तयार, कायद्यानं एवढंच काम. पण आमच्यात जुन्या लोकांपासून एक पद्धत होती. रिमला व्हाल्व्हचं भोक असतं, त्यातून एक डोळा मिटून बघितलं की समोर हबवर कंपनीचं नाव पूर्ण दिसलं पाहिजे. याचा चाकाला काहीही उपयोग नाही. गिऱ्हाइकाला ते जन्मात कळत नाही. पण ज्याच्या भोकातून नाव दिसत नाही तो चाक भरणारा कच्चा, असं आमच्यात मानत. हे साधायचं तर पहिली तार भोकाच्या उजव्या हाताच्या घरात, म्हणजे तारेच्या छिद्रात, भरायची. आणि मी पडलो डावखुरा. पहिल्याच दिवशी मी ती डाव्या हाताच्या घरात भरली, मग पुढच्या पस्तीस तारा तिच्या मागोमाग गेल्या आणि सगळा हब एक घर सरकून बसला. फोरमननं डोळा लावला आणि म्हणाला, "बुवा, तुझ्या नावाचे नुसते पायच दिसतात." सुधारायला गेलो की माझा वेग जायचा आणि आऊटही राहायचा. माझी चाकं सरळ मात्र अशी फिरायची की शेवटी फोरमननं हात टेकले. सगळ्या कारखान्यात फक्त माझ्या चाकांना पाय असत. म्हणून मला चेष्टेनं उजव्या म्हणायचे.

हे नाव ठेवलं वकिलानं. तो वकील नव्हता, माझ्याच स्टँडवर दुसऱ्या पाळीला बसायचा, पण कोणाची रजा अडली, कोणाचा फोरमनशी खटका उडाला की हा मधे पडून असा मुद्देसूद बोलायचा की समोरचा कंटाळून हो म्हणायचा. आमची मैत्री दहा मिनिटांची. मी सकाळी सहाला बसायचो, दोनला उठायचो. तो पावणेदोनला यायचा, कपडे बदलायचा, आणि दोनला दहा कमी असताना माझ्या मागे येऊन उभा राहायचा. तेवढी दहा मिनिटं. एकोणीस वर्षं रोज दहा मिनिटं. मुलीचा ताप, त्याच्या वडिलांचं ऑपरेशन, नवा फोरमन कसा मूर्ख आहे, सगळं त्यात बसवायचं. उरलेलं ड्रॉवरमध्ये. मी अर्धं सफरचंद कागदात गुंडाळून ठेवून जायचो, सकाळी तिथे खोकल्याच्या दोन गोळ्या नाहीतर वर्तमानपत्रातलं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं असायचं. एखादं चाक काही केल्या ऐकत नसलं तर रिमवर खडूनं गोल काढून ते खुंटीला लावायचं. गोल म्हणजे, मला जमलं नाही, तू बघ. मी लावलेलं चाक सकाळी आऊट काढून तयार असे, त्यानं लावलेलं मी सकाळी पहिलं घेत असे. त्याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. बोलायचो ते स्टँडबद्दल. मी डावखुरा, म्हणून सकाळी आलो की स्टँड उलटं फिरवून घ्यायचो, दुपारी तो आला की ते सरळ करता करता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मग स्टुलावर टेकायचा आणि दरवेळी तेच म्हणायचा. "काही म्हण उजव्या, मला स्टूल गरम मिळतं. तुला बिचाऱ्याला रोज सकाळी थंडगार."

ती गरम स्टुलाची दहा मिनिटं मला हवी आहेत. बाकी काही नको. पेन्शन, मान, कारखान्याचा भोंगा, लोक ज्या ज्या गोष्टींसाठी उसासे टाकतात त्यातलं काही नको. भोंगा तर मला कधीच आवडला नाही. ओठांवर तेलाची चव, बोटांच्या चिरांत काळं बसलेलं, चावी बाजूला ठेवलेली, मागून त्याच्या साबणाचा वास आलेला, आणि आपण वळून न बघता म्हणायचं, "आलास?" एवढंच. या काचेच्या दारापाशी दिवसाला हजार माणसं येतात. कोणाला आलास म्हणायची सोय नाही.

पाहुणे आले ते माझ्या अठराव्या वर्षी. दोन पुरुष आणि एक बाई, आमची भाषा कोणालाच येत नव्हती, मधे एक दुभाष्या. सायबांनी सांगितलं की चांगल्या हातांचा अभ्यास करायला आलेत, प्रत्येक सेक्शनमधून एक हात निवडलाय. आमच्या सेक्शनमधून माझा. चार दिवस मला एका वेगळ्या खोलीत बसवलं, दोन्ही हातांत वायरी जोडलेले मोजे घातले, समोर आणि डोक्यावर कॅमेरे लावले आणि म्हणाले, रोज भरता तशीच चाकं भरा. मी भरली. खरं सांगायचं तर आयुष्यात कधी भरली नाहीत अशी भरली. ती बाई माझ्या हातांकडे अशी बघायची की घरी जाऊन मी स्वतः आरशात हात बघितले. बायकोला हसू आवरेना. "नवरीच्या हातांकडेसुद्धा कोणी एवढं बघत नाही," ती म्हणाली. चौथ्या दिवशी ती बाई दुभाष्याला काहीतरी म्हणाली, तो मला म्हणाला, "त्या म्हणतात, डावा हात असल्यामुळे अडचण येईल." मला जरा वाईटच वाटलं. आपण नापास झालो असं. वकिलाला दुपारी सांगितलं तर तो पाच मिनिटं गप्प बसला, आणि दहा मिनिटांतली पाच मिनिटं म्हणजे फार होतात. मग म्हणाला, "बरं झालं नापास झालास. हात एकदा दिले की परत मागता येत नाहीत."

पुढच्या वर्षी तयार चाकं यायला लागली. आधी वाटलं चाकं भरणारं मशीन इथे येईल, मशीनवर तरी चार माणसं लागतील. मशीन आलंच नाही, ते समुद्रापलीकडेच कुठेतरी बसलं होतं. आली ती खोकी. एका खोक्यात दहा चाकं, कागद लावून, तारा भरून, आऊट काढून. सेक्शन बंद करायला त्यांनी एक महिना घेतला. त्या महिन्यात मला पॅकिंगला पाठवलं, वकील आणि आणखी दोघांना खोकी फोडायला ठेवलं. बेचाळीस माणसं होती आमची. हळूहळू कुजबुज सुरू झाली की मशीनला शिकवलं कोणी, चार दिवस मोजे घालून बसला होता तो कोण. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. शेवटच्या दिवशी मी सेक्शनमध्ये ड्रॉवर रिकामा करायला गेलो. वकील तिथे होता. स्टँड सरळ करून ठेवलं होतं आणि तो हातानं ते पुसत होता. त्यानं विचारलं, अगदी शांतपणे विचारलं, "उजव्या, ते हात तुझे आहेत का?" मी म्हणालो, नाहीत. म्हणालो, ती बाई स्वतः बोलली की डावा हात चालत नाही, माझं सगळं टाकून दिलं त्यांनी. तो बघत राहिला. त्या बघण्यानं मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "पोरीची शपथ. माझ्या हातांचं त्यात काही नाही." त्यानं फडकं घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लावला आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी दोनदा घरी गेलो, त्याची बायको दारातून म्हणाली, झोपलेत. पुलापाशी त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं असं कळलं. मी कामाला जायचा रस्ता बदलला, वीस मिनिटं जास्त पडतात.

आणि आता बारा सायकली. मी कट्ट्यावरून उठलो, टोपी दाराच्या आतल्या खुर्चीवर ठेवली आणि चालायला लागलो. सुपरवायझर मागून काहीतरी विचारत होता, त्याला म्हणालो, घरचं काम आहे. रस्त्यात जितक्या सायकली दिसल्या तितक्यांच्या चाकांकडे बघत होतो. अकरा वर्षांचं बघणं एका सकाळी. बँकेसमोर तीन होत्या, तिन्हींना पाय. शाळेच्या कुंपणाला साखळीनं बांधलेल्या होत्या, त्यांत मी मोजत गेलो आणि मग मोजणं सोडलं. जुन्या एका सायकलीत नाव पूर्ण दिसलं, ती कोणा आमच्याच माणसानं भरलेली असणार, तिच्या मडगार्डला मी उगाच हात लावला. मला कळत नव्हतं की माझ्या मनात काय चाललंय. कुठेतरी एक मोठी शेड असेल, माणूस नसलेली, आणि तिथे लोखंडाचे हात पहिली तार डावीकडच्या घरात भरत असतील, रात्रंदिवस, रविवारीसुद्धा, कारण त्यांना दाखवणारा माणूस डावखुरा होता. अडचण येईल, असं ती बाई म्हणाली होती. चालणार नाही, असं नव्हती म्हणाली. अडचण त्यांनी सोडवली असणार, फक्त ती तार डावीकडे का हे कोणाला ठाऊक नसल्यामुळे तशीच ठेवून दिली. फोरमन असता तर ओरडला असता. तिथे ओरडायला कोणी नाही. माझी चूक जगभर फिरते आहे आणि ती चूक आहे हे सांगणारा एक माणूस त्या सगळ्या शेडमध्ये नाही, याचं मला वाईट वाटलं. आणि अभिमानही वाटला, तो दाबून टाकायचा मी प्रयत्न केला पण तो कढासारखा वर येत राहिला. मग बेचाळीस माणसं आठवली. एकजण नंतर रंगकाम करायला लागला होता, शिडीवरून पडून कंबर मोडून घेतली. एकाची बायको माहेरी गेली ती गेलीच. त्यांची चाकं पूर्ण नावाची होती. आणि मी, पोरीची शपथ घेऊन, त्यात माझं काही नाही असं सांगितलं होतं. पोरगी चांगली आहे, तिला दोन मुलं आहेत, गेल्याच आठवड्यात फोनवर हसत होती. तरी मी पुलाच्या अलीकडे थांबून तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, या वेळी कसा काय?" मी म्हणालो, काही नाही, सहज. मग पुढे गेलो. शपथ परत घ्यायची होती. शपथ ज्याच्यासमोर घेतली त्याच्यासमोरच ती परत घेता येते, असं काही कुठे लिहिलेलं नाही, पण मला तसं वाटलं.

दुकान म्हणजे पुलाच्या भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं खोकं, वर ताडपत्री. वकील स्टुलावर पाठमोरा बसला होता. केस पूर्ण पांढरे झाले होते. समोर स्टँडवर चाक चढवलेलं, तो ते फिरवत होता, थांबवत होता, डोळे बारीक करून बघत होता, परत फिरवत होता. ते चाक आऊट होतं हे मला दहा पावलांवरून दिसलं, आणि त्याला दिसत नव्हतं हेही दिसलं. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तो जसा माझ्या मागे उभा राहायचा तसा. साबण तोच वापरत होता.

"आलास?" तो म्हणाला. वळला नाही.

मला जे बोलायचं होतं ते मी सगळ्या वाटेत जुळवत आलो होतो. त्यातलं काही आठवलं नाही. "ते हात माझेच होते," मी म्हणालो. "मी आज बघितलं. शपथ खोटी झाली माझी."

त्यानं चाक हातानं थांबवलं. "आज बघितलंस?"

"आज. सकाळी."

"अकरा वर्षांत एक चाक बघितलं नाहीस तू?"

मी नाही म्हणालो. म्हणालो, बघवत नव्हतं. पुलावरून बस गेली, ताडपत्री थरथरली. मग तो बोलायला लागला, हळू आणि मुद्देसूद, पूर्वी फोरमनशी बोलायचा तसाच. पहिलं खोकं त्यानंच फोडलं होतं. पहिलंच चाक बाहेर काढलं, सवयीनं भोकातून बघितलं, आणि पाय दिसले. त्या दिवशी, म्हणे, त्याला हसू आलं होतं. मशीनला उजव्याची खोड लागली म्हणून. दुपारी मला दाखवायचं म्हणून ते चाक बाजूला ठेवलं होतं, पण मी पॅकिंगला, आमच्या पाळ्या जुळेनात. मग शेवटच्या दिवशी त्यानं मला विचारलं. "मला वाटलं तू हो म्हणशील," तो म्हणाला. "हो म्हणाला असतास तर दोघं मिळून शिव्या घातल्या असत्या त्या मशीनला. तू पोरीची शपथ घेतलीस. ते चाक तुझ्या मागे खुंटीला टांगलेलं होतं रे. तू मागे बघितलंसुद्धा नाहीस. हात दिलेस त्याचं मला काही नव्हतं. हात काय, माझे मागितले असते तर मीही दिले असते. तू मला फसवतोयस असं वाटलं, तेही लेकराला मधे घालून."

"मला ठाऊक नव्हतं."

"ते आज कळलं मला." त्यानं हातानं डोळे चोळले. "या दुकानात रोज तुझी चाकं येतात. तारा तुटतात, मी नव्या भरतो. पहिली तार डावीकडेच भरतो. सरळ करायला जीव होत नाही. जसं आलं तसं परत देतो."

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मी नुसता उभा राहिलो, रिकामे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. त्यानं चाक आणखी एकदा फिरवलं, नाकाला लागेल इतका जवळ वाकला, आणि सोडून दिलं. म्हणाला, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तारा भरायला काही अडत नाही, बोटांना पाठ आहे, पण शेवटचा आऊट आता निघत नाही, गिऱ्हाइकं परत येतात. शर्टाच्या खिशातून त्यानं खडूचा तुकडा काढला आणि रिमवर एक गोल काढला. गोल जरा वाकडा आला. मग उठला, स्टँड दोन्ही हातांनी धरलं आणि ओढून, घासून, पुटपुटत ते उलटं फिरवलं. पुटपुटत काय होता ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक होतं, माझ्या सात पिढ्या त्यात होत्या. चावी त्यानं डाव्या बाजूला ठेवली. "बस, उजव्या," म्हणाला, आणि चहा सांगायला रस्ता ओलांडून गेला.

मी बसलो. एकोणीस वर्षांत आणि नंतरच्या अकरांत पहिल्यांदाच मला स्टूल गरम मिळालं.